मेलमधली लिंक कुठल्या ब्राउझरमध्ये उघडते? एवढ्याशा सेटिंगवर फॉर्मही अडतो आणि पैसेही

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आमच्या भाचीच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मची ती शेवटची रात्र. बारा वाजता पोर्टल बंद होणार होतं. मेलवर आलेली लिंक तिनं फोनवर उघडली आणि नाव, पत्ता, बारावीचे गुण, बँकेचं खातं, उत्पन्नाच्या दाखल्याचा नंबर, सगळं एकेक करून भरलं. शेवटी पोर्टलनं सांगितलं, तुमच्या मेलवर एक कोड पाठवलाय, तो इथे टाका. कोड बघायला तिनं मागे जायचं बटण दाबलं. मेल उघडला, कोड पाठ केला, आणि परत फॉर्मवर यायला गेली तर फॉर्म कुठेच नाही. लिंक पुन्हा दाबली. कोरा फॉर्म समोर आला.

"मामू, फॉर्म गेला. सगळा गेला," असा रडवेला फोन आम्हाला आला.

त्या रात्री कसंबसं जमलं. घरातला जुना लॅपटॉप काढला, एका टॅबमध्ये मेल आणि दुसऱ्या टॅबमध्ये फॉर्म ठेवला, आणि बाराला सहा मिनिटं असताना फॉर्म जमा झाला. पण तिच्या वर्गातल्या एका मुलाचं नाही जमलं. त्याच्या घरी लॅपटॉप नव्हता.

नेटवर्क चांगलं होतं, पोर्टलही चालू होतं. फॉर्म गेला तो फक्त एका कारणानं. लिंक खऱ्या ब्राउझरमध्ये उघडलीच नव्हती, ती मेलच्या ॲपच्या आतल्या खिडकीत उघडली होती. मागे जायचं बटण दाबलं की ती खिडकी बंद होते आणि तिच्यात भरलेलं सगळं तिच्याबरोबर जातं.

नंतर आम्ही चार-पाच घरांत विचारून पाहिलं. मेलमधली लिंक कशात उघडावी हे आपल्याला ठरवता येतं, हे जवळपास कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून हा लेख जरा सविस्तर.

लिंक दाबली की काय होतं

आधी एक फरक लक्षात घेऊ. मेल दाखवणारा प्रोग्राम वेगळा आणि वेबसाइट दाखवणारा प्रोग्राम वेगळा. जीमेलचं ॲप, आउटलुक, थंडरबर्ड, ॲपलचं मेल हे मेलचे प्रोग्राम. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी, सॅमसंग इंटरनेट हे ब्राउझर. मेलमधली लिंक म्हणजे नुसता पत्ता. तुम्ही तो दाबला की मेलचा प्रोग्राम तो पत्ता विंडोज किंवा अँड्रॉइडच्या हवाली करतो आणि म्हणतो, हा उघडून दे. मग विंडोज किंवा अँड्रॉइड आपल्या नोंदीत बघतं की या माणसानं वेबच्या पत्त्यांसाठी कुठला ब्राउझर नेमलाय. त्या नेमलेल्या ब्राउझरला 'डीफॉल्ट ब्राउझर' म्हणतात. तुम्ही कधी काही नेमलं नसेल तर फोन किंवा कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीनं जे ठरवलं असेल ते चालतं.

एवढंच असतं तर गोष्ट सोपी होती. पण मधे दोन फाटे फुटतात. पहिला, काही मेल प्रोग्राम पत्ता बाहेर न देता स्वतःच्या आतच उघडतात. दुसरा, काही प्रोग्राम तुमची नेमणूक बाजूला ठेवून आपल्याच कंपनीच्या ब्राउझरला बोलावतात. म्हणून "मी तर क्रोमच डीफॉल्ट केलंय" असं म्हणूनही लिंक भलतीकडे उघडू शकते.

जे लोक क्रोममध्ये किंवा फायरफॉक्समध्ये जीमेलची वेबसाइट उघडून मेल वाचतात त्यांना हा प्रश्न फारसा पडत नाही. तिथे लिंक त्याच ब्राउझरच्या नव्या टॅबमध्ये उघडते. आमच्या लॅपटॉपनं त्या रात्री वाचवलं ते याच कारणानं.

फोनवर काय करायचं

आपल्या बहुतेक घरांत मेल फोनवरच बघितला जातो, म्हणून आधी फोनचं सांगतो.

अँड्रॉइडवर जीमेलचं ॲप उघडा. वर डावीकडच्या तीन रेघा दाबा, अगदी खाली 'सेटिंग्ज', मग 'जनरल सेटिंग्ज'. तिथे खाली सरकत गेलं की 'ओपन वेब लिंक्स इन जीमेल' अशी एक ओळ सापडते. फोनची भाषा मराठी असेल तर तिचे शब्द वेगळे दिसतील, पण अर्थ हाच, की लिंक जीमेलमध्येच उघडू का? त्याच्यासमोरची खूण काढून टाका. झालं. आता लिंक दाबली की फोनचा खरा ब्राउझर वेगळा उघडेल. कोड बघायला मेलवर गेलात तरी फॉर्म ब्राउझरमध्ये उभा राहील. फक्त परत येताना मागच्या बाणानं न येता चालू ॲप्सच्या यादीतून यायचं.

खूण का असते, तर सोयीसाठी. नुसती बातमी वाचायची, परत मेलवर यायचं, अशा कामाला आतली खिडकी खरंच बरी. ती उघडते पटकन आणि बंदही होते पटकन. फॉर्म भरताना मात्र हे 'पटकन बंद होणं'च अंगावर येतं.

खूण काढायची नसेल तर दुसरा उपाय आहे. आतल्या खिडकीत वर उजवीकडे तीन ठिपके असतात. ते दाबले की 'ओपन इन क्रोम ब्राउझर' किंवा जो ब्राउझर असेल त्याचं नाव येतं. फॉर्म भरायला सुरुवात करण्याआधी हे एकदा दाबायचं, अर्धा भरून झाल्यावर नाही. क्रोमच्या २०२४ नंतरच्या आवृत्त्यांमध्ये या खिडकीवर खाली जाणारा छोटा बाणही दिसतो. तो दाबला की खिडकी बंद न होता कोपऱ्यात लहान होऊन बसते.

आता तो खरा ब्राउझर कुठला, हे फोनच्या सेटिंगमध्ये ठरतं. 'सेटिंग्ज', 'ॲप्स', मग 'डीफॉल्ट ॲप्स', आणि तिथे 'ब्राउझर ॲप'. वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनमध्ये शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण 'डीफॉल्ट' हा शब्द सेटिंगच्या शोधात टाकला की सापडतं. इथे एकदा डोळे उघडे ठेवून बघाच. २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारनं ज्या ५९ ॲप्सवर बंदी घातली त्यात यूसी ब्राउझर होता. घरातल्या एखाद्या जुन्या फोनवर, बहुधा दादीच्या किंवा नानांच्या, तो अजून तसाच पडलेला असू शकतो. त्याला नवी सुरक्षा मिळत नाही. तो काढून टाका आणि क्रोम, फायरफॉक्स असं चालू असलेलं काहीतरी नेमा.

आयफोनवाल्यांचा इतिहास वेगळा आहे. तिथे २०२० पर्यंत लिंक सफारीतच उघडायची, दुसरा ब्राउझर डीफॉल्ट करायची सोयच नव्हती. त्या वर्षी आलेल्या आयओएस १४ नं ती दिली. आज नव्या आयफोनवर 'सेटिंग्ज', 'ॲप्स', 'डीफॉल्ट ॲप्स' इथे ते बदलता येतं. जुन्या आवृत्तीत सेटिंगमध्ये त्या ब्राउझरच्या नावावर जाऊन 'डीफॉल्ट ब्राउझर ॲप' निवडावं लागतं. पण आयफोनवर जीमेलचं ॲप वापरत असाल तर त्याची स्वतःची वेगळी यादी आहे. जीमेलच्या सेटिंगमध्ये 'डीफॉल्ट ॲप्स' नावाची. तिथे सफारी, क्रोम किंवा फोनचा डीफॉल्ट ब्राउझर यातलं काय ते सांगायचं असतं, आणि प्रत्येक वेळी विचारायचं का हेही. फोनमध्ये एक आणि जीमेलमध्ये दुसरं असं निवडलं असेल तर गोंधळ आपणच घातलेला असतो.

मेलखेरीज फेसबुक, इन्स्टाग्राम यांच्याही आत अशाच खिडक्या असतात, आणि त्या जास्त अडचणीच्या. अँड्रॉइडवर जीमेलची आतली खिडकी निदान तुमच्या ब्राउझरशी जोडलेली असते, तिथलं लॉगिन आणि साठवलेले पासवर्ड तिला मिळतात. सोशल मीडियाच्या ॲपची खिडकी त्यांची स्वतःची असते. तिला तुमच्या ब्राउझरचं काही ठाऊक नसतं. अशा खिडकीतून 'गूगलनं साइन इन करा' म्हटलं की गूगल सरळ नकार देतं, कारण खिडकीचा मालक पासवर्ड वाचू शकतो ही भीती असते. नकार आला तर तुमचं खातं बिघडलेलं नाही. लिंक खऱ्या ब्राउझरमध्ये उघडा.

कॉम्प्युटरवर

विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', 'ॲप्स', 'डीफॉल्ट ॲप्स' इथे जाऊन हव्या त्या ब्राउझरच्या नावावर क्लिक करायचं आणि वरच्या बाजूचं 'सेट डीफॉल्ट' बटण दाबायचं. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा हे बटण नव्हतं. प्रत्येक प्रकारच्या फाइलसाठी आणि पत्त्यासाठी वेगवेगळं निवडावं लागायचं. लोकांनी खूप ओरड केली, मग २०२२ मध्ये बटण आलं. विंडोज १० मध्ये त्याच पानावर 'वेब ब्राउझर' असा सरळ रकाना आहे.

इतकं करूनही आउटलुकमधली लिंक एजमध्येच उघडते, अशी तक्रार आम्हाला एका वाचकभाईंकडून आली. तुमचं चुकलेलं नाही, भाईजान. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं असं जाहीर केलं की आउटलुक आणि टीम्समधल्या लिंक, तुमचा डीफॉल्ट ब्राउझर कुठलाही असो, एजमध्ये उघडतील. एका बाजूला वेबसाइट आणि शेजारी तोच मेल दिसावा म्हणजे सोय होते, असं कंपनीचं म्हणणं. सोय आहे हे खरं. पण आधी विचारायला हवं होतं, हे आमचं म्हणणं. सुदैवानं ते बदलता येतं. आउटलुकमध्ये 'फाइल', 'ऑप्शन्स', 'ॲडव्हान्स्ड' असं जा. तिथे लिंक कशात उघडायच्या ते निवडण्याची पट्टी आहे. 'डीफॉल्ट ब्राउझर' निवडा. नवं आउटलुक असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये वर शोधायची पट्टी आहे, तिथे 'लिंक' शोधा. आखातात किंवा पुण्या-मुंबईत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांना हा पर्याय बदलता येणार नाही असंही होऊ शकतं, कारण ऑफिसचा आयटी विभाग तो बंद करून ठेवू शकतो. तिथे भांडण्यात अर्थ नाही, लिंक कॉपी करून हव्या त्या ब्राउझरमध्ये चिकटवा. आणि घरचे खासगी मेल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर न उघडलेलेच बरे.

स्टार्ट मेन्यूमध्ये काही शोधलं आणि तिथून वेबवर गेलात तर आपल्याकडे तेही एजमध्येच जातं. त्याचा मेलच्या सेटिंगशी संबंध नाही, म्हणून तिथे डोकं खाजवत बसू नका.

थंडरबर्ड हा फुकट मिळणारा मेल प्रोग्राम वापरणारे आपल्यात थोडे आहेत, पण आहेत. तो मुकाट्यानं डीफॉल्ट ब्राउझरचं ऐकतो. फक्त एक खोच आहे. कधीतरी त्यानं "ही लिंक कशात उघडू?" असं विचारलं असेल, तुम्ही घाईत भलताच प्रोग्राम निवडून 'हेच लक्षात ठेव'वर खूण केली असेल, तर तो ते इमानानं लक्षात ठेवतो. मग डीफॉल्ट कितीही बदला, फरक पडत नाही. त्याच्या सेटिंगमध्ये 'जनरल' या पानावर 'फाइल्स अँड अटॅचमेंट्स' अशी यादी आहे. तिथे 'एचटीटीपी' आणि 'एचटीटीपीएस' या ओळी सापडल्या तर त्यांच्यासमोर 'ऑल्वेज आस्क' निवडा, आणि पुढच्या वेळी विचारलं की नीट उत्तर द्या.

मॅकवर 'सिस्टिम सेटिंग्ज'मध्ये 'डेस्कटॉप अँड डॉक' इथे 'डीफॉल्ट वेब ब्राउझर' आहे. डॉकशी ब्राउझरचा काय संबंध, हे आम्हालाही कळलेलं नाही.

कंपन्या या एका नेमणुकीसाठी इतक्या का झगडतात? कारण जो ब्राउझर उघडतो, त्याच्याबरोबर त्याचं शोधयंत्र, त्याच्या जाहिराती आणि तुमच्या सवयींची माहिती येते. युरोपात हे प्रकरण पार दंडापर्यंत गेलं. विंडोज वापरणाऱ्यांना ब्राउझर निवडायचा पर्याय दाखवू, असं वचन मायक्रोसॉफ्टनं दिलं होतं. तो पर्याय मधेच दिसेनासा झाला म्हणून २०१३ मध्ये युरोपियन कमिशननं ५६.१ कोटी युरोंचा दंड ठोठावला. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. फोनमध्ये आधीच भरून दिलेली ॲप्स, त्यात क्रोमही, हा त्यातला एक मुद्दा होता.

पासवर्ड कुठे साठवलाय, हा खरा प्रश्न

आता असं विचाराल की कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडली तर काय बिघडतं, पान तर तेच दिसतं. बिघडतं ते असं.

पहिलं, लॉगिन. तुम्ही पोर्टलवर नोंदणी फायरफॉक्समध्ये सुरू केली आणि खात्री करण्यासाठी आलेली लिंक एजमध्ये उघडली, तर एजला तुमची ओळखच नसते. काही साइट्स मग 'सेशन एक्स्पायर्ड' म्हणतात. त्यात अशा लिंक बहुतेक एकदाच चालतात आणि ठराविक वेळेपुरत्याच. चुकीच्या ब्राउझरमध्ये एकदा उघडली की नंतर बरोबर ब्राउझरमध्ये उघडूनही उपयोग नसतो, नवी मागवावी लागते. नोंदणी जिथे सुरू केली तिथेच लिंक उघडायची, एवढं पाळलं तरी निम्मे त्रास वाचतात.

दुसरं जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते फसवणुकीबद्दल आहे. ब्राउझर पासवर्ड साठवतो तेव्हा तो कुठल्या साइटचा, याचा अचूक पत्ताही साठवतो. पुढे त्याच पत्त्यावर गेलात तरच तो पासवर्ड आपणहून भरून देतो. समजा बँकेच्या नावानं मेल आला, लिंक दाबली, पान हुबेहूब बँकेसारखं. रंग तोच, बोधचिन्ह तेच. तुम्ही फसाल, आम्हीही फसू. पण पत्त्यात एक अक्षर वेगळं असलं तरी ब्राउझर पासवर्ड भरणार नाही, रकाना कोराच राहील. रोज आपोआप भरणारा पासवर्ड आज का भरला नाही, असा प्रश्न पडला पाहिजे आणि हात थांबला पाहिजे.

पण हे राखण करणं तेव्हाच चालतं जेव्हा लिंक पासवर्ड साठवलेल्या ब्राउझरमध्येच उघडते. लिंक रोज वेगवेगळ्या ठिकाणी उघडत असेल तर रकाना कोरा असण्याचीच सवय होते. मग माणूस वहीतून पासवर्ड काढून हातानं टाकतो, आणि फसवणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. मेलच्या लिंका एकाच ब्राउझरमध्ये उघडाव्यात असं आम्ही सांगतो त्याचं मोठं कारण हे आहे. सोय त्यानंतर.

क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी धोकादायक साइटवर लाल पान दाखवून अडवतात, त्यासाठी गूगलची यादी वापरली जाते. एजची स्वतःची अशीच व्यवस्था आहे. पण सकाळी तयार झालेली खोटी साइट दुपारपर्यंत यादीत आलेलीच असेल असं नाही. म्हणून लाल पान आलं नाही म्हणजे साइट खरी, असं धरू नका.

पत्ता वाचायची पद्धत शिकून घ्या, अवघड नाही. कॉम्प्युटरवर लिंकवर माउस नुसता नेऊन ठेवा, क्लिक करू नका. खाली कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. अँड्रॉइडवर लिंकवर बोट दाबून ठेवा, कॉपी करा, आणि नोट्समध्ये चिकटवून वाचा. पत्त्यात सुरुवातीच्या 'https://' नंतर पहिली तिरपी रेघ कुठे येते ते बघा आणि तिच्या लगेच डावीकडचा भाग वाचा. सरकारी साइट असेल तर तिथे शेवटी बहुतेक वेळा 'गव्ह डॉट इन' असतं. राष्ट्रीय शिष्यवृत्तीचं पोर्टल, राज्याचं महाडीबीटी, हज कमिटी ऑफ इंडिया, पासपोर्ट सेवा, सगळ्यांचे पत्ते असेच संपतात. 'गव्ह डॉट इन' मधे कुठेतरी आलं आणि शेवटी 'डॉट कॉम' किंवा भलतंच काही असेल तर ती सरकारी साइट नाही. हजच्या अर्जाचे दिवस आले की "तुमची निवड झाली, रक्कम भरा" असे मेल आणि मेसेज फिरतात. ज्या घरात अब्बा-अम्मींनी आयुष्यभर पै-पै जोडलेली असते, तिथे असा एक क्लिक किती महागात जाईल हे वेगळं सांगायला नको. अशा बाबतीत मेलमधली लिंक दाबूच नका, पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा. पैसे गेलेच तर लाजून बसू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा. तो देशभराचा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर आहे. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त.

एक लॅपटॉप, घरातली सहा माणसं

आपल्याकडे बहुतेक घरांत लॅपटॉप एकच असतो. आपा कॉलेजचं काम करते, भाई नोकरीचे अर्ज भरतो, अब्बांचा मेलही तिथेच. क्रोममध्ये प्रत्येकासाठी वेगळी प्रोफाइल करता येते, आणि करावीच. पण बाहेरच्या मेल प्रोग्राममधून आलेली लिंक क्रोम त्या प्रोफाइलमध्ये उघडतं जी शेवटची वापरात होती. अब्बांनी आउटलुकमध्ये बँकेची लिंक दाबली आणि ती आपाच्या प्रोफाइलमध्ये उघडली, तर अब्बांचा पासवर्ड तिथे नसतो. मग वर सांगितलेली राखण निकामी झाली. यावर सोपा इलाज म्हणजे लिंक दाबण्याआधी आपल्या प्रोफाइलची खिडकी समोर आणायची. एजमध्ये मात्र 'बाहेरून आलेल्या लिंका या प्रोफाइलमध्ये उघड' असं कायमचं सांगायची सोय प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये आहे.

ज्यांच्या घरी लॅपटॉपच नाही ते सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात जातात. तिथे डीफॉल्ट काय असावं हे आपल्या हातात नसतं, पण दोन गोष्टी असतात. मेल उघडायचा असेल तर दुकानदाराला खासगी खिडकी उघडायला सांगा, क्रोममध्ये तिला 'इनकॉग्निटो' म्हणतात. काम झालं की ती बंद केली, की लॉगिनही पुसलं जातं. आणि पासवर्ड सेव्ह करू का असं ब्राउझरनं विचारलं तर 'नको' म्हणा. दुसरी गोष्ट ब्राउझरच्या आधीची आहे. कितीतरी मुलांचे फॉर्म दुकानदाराच्या स्वतःच्या मेल आयडीवर भरलेले असतात, कारण मुलाचा आयडी नसतो आणि मागे रांग असते. मग पुढच्या सगळ्या लिंका, त्रुटी दुरुस्त करा, कागद पुन्हा जोडा, त्या दुकानदाराच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडतात. लिंक कशात उघडायची हा प्रश्न नंतरचा, आधी ती तुमच्याकडे आली तर पाहिजे. मुलगा किंवा मुलगी दहावीला गेली की तिचा स्वतःचा मेल आयडी काढून द्या.

काही जुन्या साइट्स ठराविक ब्राउझरमध्येच नीट चालतात. इंटरनेट एक्स्प्लोरर १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टनं बंद केला, पण त्याच्यासाठीच बनवलेल्या साइट्स काही ठिकाणी उरल्या आहेत. त्यांच्यासाठी एजमध्ये 'आयई मोड' नावाची सोय आहे. अशा एका साइटसाठी घरचा डीफॉल्ट बदलू नका. ती लिंक कॉपी करून एजमध्ये चिकटवा, बाकी सगळं जसं आहे तसं राहू द्या.

सगळं नेमून झालं की तपासून बघा. स्वतःलाच एक मेल पाठवा, त्यात एखाद्या साइटचा पत्ता टाका, आणि आला की दाबा. कुठे उघडतंय, वर प्रोफाइल कुणाची आहे, मागे जाऊन परत आल्यावर पान तिथेच आहे का, हे बघायला दोन मिनिटं लागतात. हे फॉर्मच्या शेवटच्या रात्री करू नका, आज जेवणानंतर करा. घरातल्या प्रत्येक फोनवर. विंडोजचा किंवा आउटलुकचा मोठा अपडेट आल्यावर पुन्हा एकदा.